आधी कंदील

हळदीचा भाव पूर्वी रुमालाखाली ठरायचा,
बोटांवर बोटं दाबून,
तोंडानं एक अक्षर न काढता.
गोदामातल्या बायकांचं दुखणंही तसंच.
कुणी विचारलंच,
तर पदराखाली एखादं बोट दाबायचं आणि सोडून द्यायचं.

मी आरोग्यसेविका. तीनदा आले,
तीनदा भिंतीला पोस्टर चिकटवून गेले.
पोस्टरवरची बाई गुलाबी साडीतली, हसरी,
नखांत हळद नसलेली.
चौथ्या खेपेला पाहिलं तर
त्याच पोस्टरात नीलव्वानं भाकरी बांधून आणलेली.
राग नाही आला.
कागद जाड होता, चांगला होता.

इंडीच्या, चडचणच्या, आलमेलच्या बाया,
सौद्याच्या हंगामाला सांगलीत उतरलेल्या.
मराठी 'हो ताई' एवढंच.
आणि मी उमदीची.
आईचं कन्नड नोकरीच्या पहिल्याच दिवशी
ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं.

त्या दुपारी लाइट गेली.
पंखा थांबला, पिवळी धूळ हवेत तशीच उभी राहिली,
आणि खोकता खोकता माझ्या तोंडून निघून गेलं,
'यव्वा, नीर कोड.'

सुपं थांबली.
'निन्न ऊर यावद?' बसलिंगव्वानं विचारलं,
आणि तांब्या हातात द्यायच्या आधी
माझ्या आईचं नाव, तिचं माहेर,
आमच्या गावची जत्रा कधी असते,
सगळं काढून घेतलं.

मग पोस्टर पिशवीतच राहिलं.
गर्भाशय म्हटलं असतं
तर त्यांना कुठल्या तरी सरकारी कचेरीचं नाव वाटलं असतं.
मी म्हटलं, गर्भचीला.
त्यांच्या बोलीत चीला म्हणजे पोतं.
दिवसभर पोती उघडता, हळकुंड मोडून आतला रंग बघता,
आणि हे एकच पोतं
तीस वर्षं तोंड शिवलेलं?
कुणी फिसकन हसलं. कुणी पदर चावला.
शिवगंगा म्हणाली, 'पण मला दुखत तर काहीच नाही.'

तेव्हा कोपऱ्यातून दानव्वा बोलली.
तिचा नवरा हरिपूरच्या पेवांत उतरायचा.
'पेव कधी वरून दुखतंय का गं?
वर माती, गवत, शेळी चरतेय.
झाकण काढलं तरी माणूस लगेच उतरत नसे.
दोरीला बांधून आधी कंदील सोडायचे.
जळत राहिला, तर बरं.
विझला, तर थांबायचं, आत वारा जाऊ द्यायचा.
पण कळायचं. माणूस जायच्या आधी कळायचं.
कल्लाप्पानं घाई केली एकदा.'
एवढं बोलून ती परत निवडायला लागली.

नऊ वर्षांत किती प्रशिक्षणं झाली माझी.
हे कुठल्या पुस्तिकेत नव्हतं.

शनिवारी अकरा जणी आल्या.
व्हिनेगरचा बोळा, बॅटरीचा उजेड,
मिनिटभर थांबणं.
'लोणच्याचा वास येतोय की!' पडद्यामागून कुणीतरी.
संमतीच्या कागदांवर निळे अंगठे,
प्रत्येकाला पिवळी झालर.
दानव्वा दाराशी चपला राखत बसली.
तिला मीही 'चल' म्हटलं.
'माझं पेव कधीच बुजलं,' म्हणाली.

दहा कंदील जळत राहिले.
शिवगंगाचा एका कडेला पांढरा पडला,
तांदळाच्या कणीएवढा.
तिनं तोंडानं विचारलं नाही.
माझा हात ओढून पदराखाली घेतला, बोटं पुढं केली.
मी दोन बोटं दाबली.
दोन दिवसांनी, मिरज.
मग तिसरं दाबलं.
मी पण येते.

बराच वेळ तिनं हात सोडला नाही.
मग पदर झटकला, बाहेर गेली,
आणि चपलांत पाय घालता घालता
सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,
'सोमवारी मिरजेला चाललेय तपासायला.
माझ्या वाटचं पोतं कोण निवडणार?'